दगड वाचायला गेलेल्या घरमालकीणबाई

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत आमच्या घरमालकीणबाई टेबलावर तळहात आपटायच्या आणि माझी कॉफी बशीत सांडायची. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नजवळच्या खेड्यात, पीएचडी करताना मी त्यांच्या माडीवर राहत होते. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर जिना चढताना दम आपल्यालाच लागतो.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप व्हायचा होता, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक अमेरिकन शेतकरी जोडपं गावात आलं. त्यांचे पूर्वज इथून तिकडे गेलेले. त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या कबरी त्यांना पाहायच्या होत्या. दुभाषी मीच. बाईंनी सांगितलं, इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांपुरती मिळते, मग दगड हलवतात. शेतकऱ्याची बायको रडवेली झाली.

शेतकरी म्हणाला, आमच्याकडे सगळे दगड उभे आहेत. वस्ती करायला आलेल्यांपैकी एक लहान मुलगी पोचल्या पोचल्या गेली. तिच्यासाठी एकाने शेताचा कोपरा दिला, तीच पुढे गावाची दफनभूमी झाली. पण दगडांवरची जुनी जर्मन अक्षरं आता तिथे कुणालाच वाचता येत नाहीत.

बाई खुर्चीवरून उठल्याच. "मला येतात. मी येते."

तोवर बाई कधीच विमानात बसल्या नव्हत्या. दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, जाऊ नकोस म्हणून फोनवर पुष्कळ समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पासपोर्टचा फोटो काढायला मला घेऊन गेल्या.

तिकडून त्यांचा फोन आला तेव्हा मागे वारा घोंघावत होता. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. बाई ब्रशने शेवाळ काढत एकेक दगड मोठ्याने वाचत होत्या. आपल्या पणजोबांचं नाव ऐकून एक म्हातारा गळ्यातच पडला म्हणे. त्या पहिल्या लहान मुलीचा दगड फार झिजलेला. तो त्यांनी बोटांनी चाचपत वाचला.

"पोरी, त्यावर आपल्या गावाचं नाव आहे," त्या म्हणाल्या. 'आपल्या' म्हणाल्या, म्हणजे माझ्याही.

दोन वर्षांनी, हिवाळ्यात बाई गेल्या. मी शेतकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, त्यांनी आम्हाला ती अक्षरं शिकवली. आणि त्या मुलीच्या दगडावरच्या ओळी त्याने मला जर्मनमध्ये, अडखळत म्हणून दाखवल्या.

एक उच्चार चुकला. बाई असत्या तर त्याला पुन्हा म्हणायला लावलं असतं. मी म्हटलं, "गेनाऊ."