झाडून ठेवलेली हद्द

आमचे हे जन्मभर कुंपणाचं काम करत आले, म्हणून सगळे त्यांना तारवाले म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या भावाला वाटलं होतं, मुलगा तार खात्यात आहे, बसून काम असेल. इथे आल्यावर कळलं, नवरा दिवसभर जंगलात हद्दीच्या तारेमागे फिरतो आणि संध्याकाळी हातभर ओरखडे घेऊन घरी येतो.

जंगल खरं तर एकच. मधून दोन देशांची हद्द गेली, त्यामुळे अर्धं आमचं झालं आणि अर्धं त्यांचं. हद्दीवर माणसापेक्षा उंच कुंपण होतं. ढिली पडलेली तार ताणायची, कुजलेला खांब बदलायचा, खालचं तण काढायचं, हे ह्यांचं काम. आमच्याकडचे झरे उन्हाळ्यात आटतात आणि नदी पडली पलीकडे. मग हरणं यायची आणि तारेपाशी येऊन उभी राहायची. एखादं उडी मारायला जायचं आणि अडकायचं. त्याला सोडवायचं, नाहीतर पुरायचं, हेही ह्यांच्याच वाट्याला. त्या दिवशी हे जेवायचे नाहीत.

मी एकदा सरळ सांगितलं, सोडा ही नोकरी. तर म्हणाले, दुसरा कोणी आला तर माझ्याइतकं नीट बांधणार नाही, मग आणखी हरणं अडकतील. नीटपणा ह्या माणसाच्या अंगातच मुरलाय. घरातली कपड्यांची दोरीसुद्धा अशी ताणून बांधतात, की चिमटा लावताना माझी बोटं दुखतात.

मग वरून हुकूम आला, कुंपण काढा. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं होतं, की आपापली राखीव जंगलं एकमेकांना जोडायची, म्हणजे जनावरांना चारा-पाण्यामागे एका देशातून दुसऱ्या देशात जाता येईल. त्या लांबलचक साखळीत आमचं जंगल आणि पलीकडचं जंगल मिळून एक कडी. मात्र अट होती. दोन उन्हाळे गेले की पाहणीला माणसं येणार. तोवर जनावरं हद्द ओलांडू लागली तर ठीक, नाहीतर ही कडी रद्द आणि कुंपण पुन्हा उभं. वनाधिकारी मॅडमनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की काढलेली तार गोदामात जपून ठेवा.

ह्यांनी ती काढली, आणि पलीकडच्या वनरक्षकाने हात लावला. त्याला मी भाऊजी म्हणते. वर्षानुवर्षं दोघं तारेच्या दोन बाजूंना उभं राहून गप्पा मारत आले होते. शेवटचा खांब उपटून हे घरी आले आणि मला म्हणाले, "पुन्हा बांधायला सांगितलं, तर मी बांधणार नाही. काय व्हायचं ते होवो." निवृत्तीला आलेला माणूस असं बोलला की बायको आधी पेन्शनचा हिशेब करते. पण त्यांचं खरं होतं.

मॅडमना पुरावा हवा होता. मग ह्यांनी डोकं चालवलं. कुंपणाखालची जमीन आधीपासूनच साफ होती. ती आणखी रुंद करून खणली, मऊ केली आणि रोज सकाळी दाताळं फिरवायला लागले, म्हणजे एक खूर पडला तरी उमटेल. ते बघून भाऊजीही आपल्या बाजूने दाताळं घेऊन उभे. मग दोघांची चढाओढच लागली. जंगलातून भांग पाडल्यासारखा तो पट्टा दिसायचा. पाहुणे आले की मॅडमही कौतुकाने दाखवायच्या.

पहिला उन्हाळा आला. हरणं यायची, पट्ट्याच्या कडेला थांबायची आणि माघारी फिरायची. ज्यांनी तार पाहिलीसुद्धा नाही अशी पाडसंही आयांबरोबर वळायची. झरे आटले, दोन-तीन हरणं तहानेने मेली आणि नदी होती तिथेच पलीकडे वाहत होती. मॅडम म्हणाल्या, सवय आहे, आया पिल्लांना शिकवतात. कोणी म्हणालं, माणसांचा वास येत असेल. हे पहाटे आणखी लवकर उठून दाताळं मारायला लागले, आणि घरात कोणी काही विचारलं की अंगावर यायचे.

उन्हाळा सरत आला होता. एक दिवस मी डबा घेऊन गेले, तर हे पलीकडच्या झाडाखाली भाऊजींजवळ बसलेले. मला हात केला. मी कडेकडेने निघाले, जिथे मोठा खडक लागून पट्टा संपतो तिथवर गेले, वळसा घातला आणि घामाघूम होऊन पोचले. हे म्हणाले, एवढा उशीर का? मी म्हटलं, फिरून आले. फिरून कशाला? आता मात्र माझं डोकं सटकलं.

"तुमच्या पट्ट्यावर पाय टाकला तर ओरडाल ना! मी तुमची बायको, तार गेली हे मला माहितेय. तरी माझा पाय धजत नाही. त्या मुक्या जिवांनी कसा टाकायचा?"

भाऊजी आधी हसले. म्हणाले, आमची बायकोही असंच फिरून येते. मग त्यांचं हसू गेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डबा कोणी उघडलाच नाही.

मॅडमनी ऐकून कपाळाला हात लावला. ठरलं, पट्ट्याला हात लावायचा नाही. सांगायला सोपं होतं! पाऊस झाला, तण माजलं, त्यात काटेरी झुडपं उगवली, आणि हे सकाळी हात मागे बांधून नुसते बघत उभे. रिकामा वेळ घालवायचा म्हणून माझे धान्याचे डबे दोनदा लावले. मी दाताळं शेजारणीकडे देऊन आले होते. गवतात खूर दिसेना, म्हणून मॅडमनी पलीकडच्या कचेरीतून दोन कॅमेरे उसने आणून झाडांना बांधले.

दुसऱ्या उन्हाळ्यात, झरे आटल्यावर, मॅडम स्वतः घरी आल्या. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. वाळलेल्या उंच गवतात हरणंच हरणं. काही चरताहेत, काही नदीकडे निघालीत, काही परततायत. मॅडम म्हणाल्या, हे फोटो पाहणीवाल्यांना आधीच पाठवले, त्यांना एवढं पुरे झालं, तार आता लागणार नाही.

ह्यांनी चष्मा लावला. बराच वेळ एकेक फोटो बघत राहिले.

"ह्यातली आपली कुठली आणि त्यांची कुठली?"

मॅडमनी फोटो मागेपुढे केले, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ते आता सांगता येणार नाही."

तारेत अडकलेलं हरण पुरून आले, तेव्हाही हे कधी रडले नव्हते. त्या दिवशी मॅडमच्या समोर रडले. मॅडम घाबरल्या, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. मी म्हटलं, नाही हो, बसा तुम्ही, मी चहा टाकते.