झबल्याची बाही

सकाळी वाळलेल्या झबल्यांच्या घड्या घालायला बसले, तर एकाची बाही स्वतःतच शिरून बसलेली. बोट घालून ती बाहेर ओढताना हात थांबला. गेल्या महिन्यात माझ्या तान्ह्या लेकीचं आतडं असंच आतड्यात शिरलं होतं.

तिला सर्दी झाली होती, ती बरीही झाली होती. मग एकाएकी ती गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायला लागली. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पोर गप्प झाली, हसलीसुद्धा.

"बघ, उतरली दृष्ट! तुझं कॉलेज ठेव बाजूला," आई म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा किंकाळी. मी पोटदुखीचे थेंब पाजले, पुन्हा शांत.

"बघ आई, औषध ते औषध!" घरातली पहिली पदवीधर मी, तोऱ्यात म्हणाले.

कळ आपसूक थांबत होती आणि श्रेय आम्ही दोघी घेत होतो.

दुपट्यावर रक्त दिसलं तेव्हा दवाखान्याकडे धावलो. सर्दीच्या विषाणूने आतड्यातल्या गाठी सुजतात, त्यातून कधी असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. खालून हवा भरून त्यांनी आतडं सरळ केलं. ऑपरेशन टळलं.

दुखण्यावर माझा राग नाही, ते रडून सांगत तरी होतं. मला फसवलं ते मधल्या हसण्याने. लेकराच्या हसण्यावरही विश्वास ठेवायचा नाही, तर त्याच्या आईने ठेवायचा तरी कशावर?

आत्ता ती पाळण्यात खुदकन हसली.

"बघ गं, कशी हसतेय!" आई म्हणाली.

मी झबलं खाली ठेवलं आणि आधी तिचे गुडघे पाहिले.