पा लमैचं मिठाचं यंत्र

आमच्या गावात पा लमै दारात आली की बायका आधी पातेल्यावर झाकण ठेवतात आणि मग 'या' म्हणतात. 'पा' म्हणजे मोठी मावशी, पण मावशीला बोलवावं तसं प्रेमाने तिला कुणी बोलवत नाही. अंगात आरोग्य स्वयंसेविकेचा सदरा, खिशात थर्मामीटरसारखी पांढरी कांडी आणि नजरेत पक्का संशय. ती कांडी रश्श्यात बुडवली की तिच्यावर एक चेहरा उमटतो. मीठ बेताचं असेल तर हसरा, जरा चढ असेल तर गप्प, फारच असेल तर रडका. मी वही घेऊन तिच्या मागे हिंडते. ती एकाहत्तर वर्षांची, मी अठ्ठावन्नची. गेली सहा वर्षं आम्ही दोघी मिळून गावातल्या म्हाताऱ्यांना सळो की पळो करून सोडलं आहे.

तिचा कुणावर विश्वास म्हणून नाहीच. रोजची पावलं मोजायला आरोग्य केंद्राने म्हाताऱ्यांना कमरेला लावायची यंत्रं दिली, तेव्हा आमच्या खेन आजोबांच्या नावावर एका दिवसात नऊ हजार पावलं लागली. देवळाच्या मांडवात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पा लमै दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात जाऊन बसली आणि ते यंत्र आजोबांच्या कुत्र्याच्या गळ्यात सापडलं.

"कुत्र्याची तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "आता धन्याचं बघू. उठा, आजोबा!"

याय सोईचं प्रकरण तर अजून लोक सांगतात. याय म्हणजे आजी. या आजीच्या चुलीवर दर भेटीला अळणी भोपळ्याचा रस्सा असायचा आणि कांडीवर हसरा चेहरा यायचा. तरी आजीचे पाय सुजलेले. पा लमैने एकदा रस्सा ढवळला, वास घेतला आणि विचारलं, "याय, हा भोपळा कधी चिरलास?"

"आज सकाळीच."

"मग याला परवाचा वास कसा येतो? वानदी, फडताळ उघड."

मी उघडलं. आत दुसरं पातेलं होतं, झाकणाला फडकं बांधलेलं. त्यात प्लारा घातलेला बांबूच्या कोंबांचा रस्सा. मुरवलेल्या माशांच्या त्या खारावर आमचं सगळं गाव वाढलंय, त्यामुळे नुसत्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कांडी बुडवली आणि चेहरा रडका.

"हे पातेलं आमच्यासाठी आणि ते तुझ्यासाठी होय?" पा लमै कडाडली. "मी काय परीक्षा घ्यायला येते? मरशील ती तू मरशील!"

"मरेन तर चवीने मरेन," आजी म्हणाली. "तू आपला तुझा नवरा सांभाळ."

हे तिला लागलं. कारण हा मिठाचा सगळा खटाटोप नवऱ्यापायीच होता. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तिचा नवरा, आमचे खामपुनकाका, जेवता जेवता एका बाजूला कलंडले. तोंड वाकडं झालं, हातातला भाताचा गोळा खाली पडला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. डावा हात अजून पुरता वळत नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, रक्तदाब चढू देऊ नका, दुसरा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही. त्या दिवसापासून तिने घरातला प्लारा बंद केला आणि मिठाचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. झोपेतून उठल्यावर आधी खाटेच्या काठावर बसायचं आणि मगच पाय टेकायचे. दात घासताना खांबाला धरून एका पायावर उभं राहायचं. दिवसाला सहा भांडी पाणी. काका बिचारे सगळं निमूट करायचे.

तरीही यंदा थंडी सरल्यापासून त्यांचा रक्तदाब वाढायला लागला. वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस, पुढच्या आठवड्यात एकशे छपन्न, मग एकशे बासष्ट. गोळ्या ती स्वतः मोजून द्यायची. मग मीठ येत होतं कुठून?

"बाहेर खातोय," ती मला म्हणाली. "घरात मी चिमटीचिमटीने घालते, तेही चाखून. म्हातारा नक्की कुणाकडे तरी चरतोय."

तिने यादीच केली. नाक्यावरची पपईची कोशिंबीर कुटणारी नुअन. शेवयांची गाडी. देवळात भिक्षूंच्या जेवणानंतर उरलेलं वाढणारा मांडव. नुअनला तर तिने उलटतपासणी घेऊन रडकुंडीला आणलं. "पा, काका महिनाभरात फिरकले नाहीत गं," ती हात जोडून सांगत होती. पा लमैने तिची खलबत्त्याची दांडी हुंगून बघितली. दांडीवरून काय कळणार होतं देव जाणे.

मी तिच्या मागे उभी होते, वही छातीशी धरून. आणि मी गप्प होते. ते का, हे पुढे कबूल करते.

एके दिवशी तिला धागा सापडला. काका जेवायला बसले की थोड्या वेळाने वाडगा घेऊन उठायचे आणि मागच्या दारी जायचे. "कोंबड्यांना घालतो," म्हणायचे. पण कोंबड्या तर पुढच्या अंगणात असायच्या.

"आज पकडते," ती म्हणाली. भर दुपारी तिने मला केळीच्या मागे उभं केलं आणि स्वतः पावसाच्या पाण्याच्या मोठ्या रांजणाआड दबा धरून बसली. मला हसू येत होतं.

काका आले. आजूबाजूला बघितलं. डाव्या हाताने जमेना म्हणून वाडगा कठड्यावर ठेवला, रांजणाचं झाकण सरकवलं, करवंटीने पाणी काढलं आणि रश्श्यात ओतलं. बोटाने ढवळलं. चाखलं. तोंड कसनुसं करून आणखी एक करवंटी ओतली.

"सापडलास!" पा लमै उसळून उभी राहिली. "काय कालवतोस त्यात? नुअनने दिलं ना? दाखव!"

काकांच्या हातून करवंटी पडली. "पाणी आहे, लमै."

"पाणी म्हणे! रश्श्यात पाणी कोण घालतं?" तिने खिशातून कांडी काढून वाडग्यात खुपसली. इतकं पाणी ओतूनही कांडीवर गप्प चेहरा आला. "बघ! मी केलेल्या रश्श्यात इतकं मीठ असतं होय?"

काका जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्या त्या बघण्यातच तिला काहीतरी दिसलं असावं, कारण ती एकदम वळली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं मागोमाग. तिने स्वतःच्या पातेल्यात कांडी घातली.

रडका चेहरा.

तिने कांडी सदऱ्याला पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा रडका. "यंत्र बिघडलंय," ती म्हणाली, आणि तरातरा शेजारी माझ्या घरी जाऊन माझ्या डाळीत ते बुडवून आली. तिथे ते हसलं होतं. वर्षापूर्वी, कांडी मिळाली त्या पहिल्याच आठवड्यात, तिने आपलं पातेलं एकदा तपासलं होतं. तेव्हा हसरा चेहरा आला आणि त्यानंतर गावातली झाडून सगळी पातेली तपासली, पण हे कधीच नाही.

तिने डावात रस्सा घेऊन माझ्यापुढे धरला. "चाख. खरं सांग."

मी चाखला. जीभ चरचरली. "खारट आहे, पा. खूप."

तिनेही घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "मला तर अळणी लागतो," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "तू दर पौर्णिमेला माझ्याकडे जेवतेस, वानदी."

"हो."

"कधीपासून?"

"थंडीपासून असंच आहे." मी म्हणाले. "सगळ्यांची चोरी पकडणाऱ्या बाईला कोण सांगणार, पा? मी भ्याले तुला." काकांचा आकडा वहीत मीच लिहीत होते, दर आठवड्याला, माझ्या हाताने. मला अजून त्याची लाज वाटते.

ती काकांकडे वळली. "आणि तू? तुला काय झालं होतं? मरायचं होतं?"

"पाणी घालत होतो ना," काका म्हणाले. "रोज ताट वाढलं की तू विचारतेस, बरोबर आहे ना, जपतेय ना मी तुला? काय सांगू मग?"

ती मटकन पाटावर बसली. पा लमैला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. फक्त खारट रश्श्याचं पातेलं उचलून मागे नेलं आणि खड्ड्यात ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले तेव्हा ती चुलीपुढे होती. नवा रस्सा उकळत होता. तिने स्वतः चाखला नाही. डाव काकांपुढे धरला.

"सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगशील तर याद राख."

काकांनी चाखला. "बरोबर आहे," म्हणाले.

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं, अगदी याय सोईच्या फडताळाकडे पाहिलं होतं तसंच. हात खिशातल्या कांडीकडे गेला. मग तो हात रिकामाच बाहेर आला आणि तिने तीन वाडगे भरले. जेवताना ती म्हणाली, "मला नुसतं गरम पाणी लागतंय," आणि वाडगा संपवला.