पाटीवरची चित्रं

चंद्रपुरात थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या राहत होत्या, तेव्हा सरांनी टिनाच्या खोलीत स्वतःचा चित्रकलेचा क्लास काढला. आम्हा दहा वर्षांच्या पोरींनाही ते 'बाई' म्हणत. चूक दाखवायची तर पाटीवर खडूने काढून दाखवत आणि लगेच बाहीने पुसत. आमच्या कागदाला कधी हात लावत नसत.

"तुह्या चित्रात माही रेघ काऊन पायजे, बाई?"

एकदा मान्यतेसाठी क्लास तपासायला साहेब आले. म्हणाले, "तुमची स्वतःची चित्रं दाखवा."

सरांनी बाहीवरचा खडू झटकला. "आत्ताच पुसलं ना, साहेब. या बायांचे पाहा."

मान्यता मिळाली नाही.

मी तेव्हा काढलेलं सागाचं पान अजून माझ्याकडे आहे. त्यात सरांची एकही रेघ नाही.

एक तरी ओढायची होती, सर.