चांदणीतला ण

देवासच्या आमच्या फाटकासमोर टॅक्सी उभी होती. बॅगा चढल्या होत्या आणि इंदूर विमानतळाच्या वाटेवर जाम लागेल म्हणून ड्रायव्हर घायकुतीला आला होता. "चलो भिया, लेट हो रिया हे," तो बाबांना म्हणाला. दिवेलागणीची वेळ होती. आईने हातावर दही ठेवलं. बाबांनी पश्चिमेला बोट केलं. तिथे बीजेची कोर होती आणि तिच्या शेजारी एक ठळक ठिपका. "चांदणी दिसली की आमची आठवण काढ," ते म्हणाले. "मीही इथून बघत असेन."

मी बघितली ती कोर.

बाबा हाटपिपल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, हिंदीतून. घरात मराठी होती, पण ती पोळीभाजीची, सणावारांची आणि रागावण्याची. आकाश मात्र मी सगळं हिंदीत शिकले, तेही बाबांकडूनच. हिंदीत चाँदनी म्हणजे चंद्राचा उजेड. निरोप देताना बाबा मराठीत बोलले आणि मी हिंदीत ऐकलं.

मेलबर्नला फिजिओथेरपीची नोकरी होती. शिफ्ट संपवून ट्रामच्या थांब्यावर आले की मी चंद्र शोधायचे. इथे तो उलटा दिसतो, आपल्याकडचा ससा इथे डोक्यावर उभा. पहिल्या पौर्णिमेला ते बघून आधी हसू आलं आणि मग खूप रडले. फोनवर बाबा विचारत, "चांदणी बघितलीस?" मी म्हणे, "हो तर! आख्ख्या बाल्कनीत पसरली होती." मग ते विषय बदलत. एकदा तर मी ठणकावून सांगितलं, "आज कशी दिसेल बाबा? अमावस्या आहे." ते नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं.

पुढे आई हळूच बोलली, "ते म्हणतात, पोरगी काही बघत नाही, आपलं मन राखायला ठोकून देते." फार लागलं मला ते. अंगात कणकण असतानासुद्धा मी बाल्कनीत उभी राहिले होते. पण हे बाबांना पटवायचं कसं, ते काही सुचलं नाही.

तीन वर्षांनी घरी गेले. बाबांना काचबिंदू झाल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. "तू तिकडून काय करणार होतीस?" आई म्हणाली. संध्याकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. पावलं ऐकून त्यांना आईच आली असं वाटलं. "चांदणी आली का?"

"आज कुठली बाबा? चंद्रच नाहीये."

"चंद्राचा काय संबंध?" बाबा वर्गातल्या आवाजात कडाडले. "अग चांदणी! शुक्राची!"

मी वर बघितलं. समोर ती होतीच, एकटी, लखलखीत. चंद्राचं ते चांदणं आणि चांदणी म्हणजे तारा, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी त्यांना सगळं सांगितलं, बाल्कनीचं, अमावस्येचं, उलट्या सशाचं. बाबा खुर्ची करकरेपर्यंत हसले. "हिंदी शाळेत घातलं कोणी? मीच." चष्मा काढून पुसत म्हणाले, "म्हणजे बघत होतीस."

"रोज बघत होते बाबा. चुकीचं."

"मला आता ती दिसत नाही ग. कुठे आहे, सांग." मी त्यांचा हात धरून बोट बरोबर तिच्यावर नेलं.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. मी पुन्हा मेलबर्नला आले. इथे चंद्र उलटा, पण चांदणीला ना डोकं ना पाय, ती दोन्हीकडे सारखीच. शिवाय संध्याकाळी आधी ती इथे दिसते आणि काही तासांनी देवासला. कुक्षीच्या आत्याला आम्ही बसने फराळाचा डबा पाठवायचो, तेव्हा बस सुटली की बाबा फोन करायचे आणि आत्या स्टँडवर येऊन उभी राहायची. तुम्ही तिथे राहिलेले असा किंवा माझ्यासारखे निघून आलेले, आपण पाठवलेलं उतरवून घ्यायला कोणीतरी उभं असतं, त्यालाच मी आता घर म्हणते.

चांदणी दिसली की मी फोन करते. तिकडे अजून दुपार असते.

"बाबा, इथून निघाली."

"येऊ दे," बाबा म्हणतात. "उतरवून घ्यायला वर जातो."