दीपमालेचा आग्रह

उंद्रीच्या इंद्रभान भाजीवाल्यांची दीपमाला चिखलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. नॉर्वेतल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळणार होती, पण त्याआधी तिथली भाषा बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. पहिल्या खेपेला ती नापास झाली. आता शेवटची संधी होती. नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

शिकायचं पुस्तक इंग्रजीतून होतं, म्हणून ती गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका छायाताईंकडे जाई. तिथे इंग्रजीतल्या ‘गेट’ (get) या क्रियापदाने तिचा पिच्छा पुरवला. छायाताई म्हणत, “इंग्रजांनी या एका शब्दावर अख्खा संसार हाकलाय.” नॉर्वेजियनमध्ये मात्र मिळालं तर ‘फो’, आणायला गेलं तर ‘हेन्ते’, म्हातारं झालं तर ‘ब्ली’, घरी पोचलं तर ‘कोम्मे’. मराठीतही वेगवेगळेच शब्द, त्यामुळे तिला ते सोपं गेलं. घरी काम करताना ती ते घोकत बसे.

“काय बडबडून राह्यली वं?” पुष्पाबाई लेकीवर करवादत. “लसूण निवड आधी.”

मग नापास का झाली? ते शोधायला छायाताई एके दिवशी पुस्तक हातात धरून पलंगावर आडव्या झाल्या. त्या झाल्या वृद्धाश्रमातली आजी, दीपमाला नर्स. कॉफी आणू का, असं तिने विचारलं. आजी नको म्हणाली. दीपमालेने अर्धा कप तरी घ्या म्हटलं, मग बिस्किटं पुढे केली, मग बरं वाटेल म्हणून गळ घातली.

छायाताई उठून बसल्या. “परीक्षेत असंच केलं होतंस?”

“हाव. मले वाटलं, थ्या परीक्षेवाल्या बाई लाजून राह्यल्या.”

“अगं, तिथे नको म्हणजे नकोच. हे बघ, पुस्तकात दिलंय, ‘फो’चा आणखी एक अर्थ आहे, मुभा मिळणं. तिथली नर्स आधी मुभा मागते. नको म्हटलं की थांबते.”

दीपमालेला ते पटलं, पण पचेना. तिच्या घरी पाहुण्याला एकदाच विचारून सोडणं म्हणजे जेवू घालणं जिवावर आल्यासारखं. सवय व्हावी म्हणून ती बापाला वाढताना एकदाच विचारू लागली. टोपल्यात भाकरी उरलेली दिसे आणि इंद्रभान लेकीकडे बघत राहत.

परीक्षा घरूनच लॅपटॉपवर झाली. पडद्यावरच्या परीक्षक बाई आजारी आजोबा झाल्या होत्या. दीपमालेने खायला आणू का विचारलं. आजोबा नको म्हणाले. तिच्या ओठांवर ‘थोडं तरी’ आलंच होतं. तिने ते गिळलं आणि त्यांच्याच भाषेत म्हणाली, “बरं. मी इथे जवळच आहे.”

निकाल आला. पास. दीपमालेने आईला सगळं सांगितलं. पुष्पाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, पण चेहरा काही खुलला नाही.

“एकच डाव इचारून सोडून देल्लं त्या बुढ्याले?”

“आई, तिथं तसंच अस्ते.”

“मंग थ्या म्हाताऱ्याइले खाऊ कोन घालते?”

दीपमालेने देवापुढची साखर आईच्या हातावर ठेवली.

“तू गेली का दोनदा तरी इचारत जाय,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.