बियाण्याचा कोपरा

तळ्यात गुडघाभर उतरायचं, जलपर्णीचं एक पान खुडायचं आणि एक डोळा मिटून ते उन्हाकडं धरायचं. पानावर खरवडल्याचे चट्टे दिसले, की मामा खुशीत म्हणायचे, "चरायलीत. जनावरं चरायलीत."

जनावरं म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे, सोंडवाले तपकिरी किडे. जलपर्णी सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. अणदूरच्या पलीकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो आणि मामा तळ्याचे राखणदार. सगळा जन्म म्हशी राखण्यात गेलेला. म्हशींना पाण्यात उतरता येईना इतकी जलपर्णी माजली, तेव्हा ते कृषी महाविद्यालयातून जेवणाच्या डब्यात हे किडे घेऊन आले. एसटीत शेजारच्या बाईनं डब्यात काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कालवडी."

गाव हसलं. तुम्हीही हसला असता. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. "मामा, तळं कधी मोकळं होणार?"

"तीन वर्सं द्या की साहेब. बारक्या तोंडाची हायेत."

दुसऱ्याच वर्षी एका कोपऱ्यातली जलपर्णी खरोखर करपली, खुजी झाली. नेमकी तेव्हाच स्वच्छतेची तपासणी जाहीर झाली आणि मी जलपर्णी उपसायला मशीन मागवलं. मामा चपला बाहेर काढून ऑफिसात आले. "समदं काढा साहेब, तेवढा कोपरा सोडा. बियाण्याचा हाय. जनावरं तिथंच व्याली."

मी "हो" म्हणालो. पण तो करपलेला कोपरा रस्त्यालगत होता आणि सगळ्यांत घाण तोच दिसत होता. मामा लेकीकडं जळकोटला गेलेत असं बघून मी आधी तोच काढायला लावला.

ते आले तेव्हा काठावर ढीग वाळत होता. डबा उघडून ते एकेक पान उलटं करत बसले. दिवस कलला तरी डबा रिकामाच. उठताना नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "तुमी व्हय म्हणला हुता, साहेब."

गावाचा पहिला नंबर आला. माझ्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा मामांनी मागं उभं राहून टाळ्याही वाजवल्या. मग ते जळकोटला राहायला गेले आणि तिथंच वारले. मी एकदाही भेटायला गेलो नाही. सवड नव्हती असं सांगतो लोकांना. खरं म्हणजे लाज वाटत होती.

गाळातलं जलपर्णीचं बी उगवलं, तळं पुन्हा गच्च भरलं. त्या रस्त्यानं गेलो की मी खाली उतरतो, एक पान खुडतो आणि उन्हाकडं धरतो. पान हिरवंगार असतं. एकही चट्टा नसतो.